चावीचा टायमर: शिवणकामाच्या टेबलावर दीड वर्ष वापरून

वस्तू साधी आहे. तळहातात मावेल एवढी गोल स्टीलची डबी, कडेने शून्य ते साठ आकडे, पाठीमागे लोहचुंबक. पिळ दिला की टिकटिक सुरू होते, वेळ संपली की घंटा. सेल नको, चार्जिंग नको. किंमत ३२० रुपये. जळगावला फुले मार्केटमध्ये अस्तराचं कापड आणि लेस आणायला गेले होते, तेव्हा भांड्यांच्या एका दुकानातून घेतला. डबीवर कंपनीचं नाव नाही, त्यामुळे मीही सांगू शकत नाही. दुकानदाराने तो कुकर आणि चाळण्यांच्या मधे ठेवला होता, कारण तो स्वयंपाकघरासाठीच बनवलेला आहे. मी मात्र तो शिवणयंत्रावर लावते.

अमळनेरला घराच्या पुढच्या खोलीत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. यंदा एकोणीस वर्षं झाली. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, आणि हंगामात नवरीचे ब्लाउज. टायमरबद्दल एवढं लांबलचक लिहिण्याचं कारण म्हणजे ही वस्तू येण्याआधी मी पाच-सहा वर्षं नीट झोपलेली नव्हते. काम जास्त आहे म्हणून झोप नाही, असंच मी समजत होते. ते पूर्ण खरं नव्हतं, आणि हे मला या डबीने दाखवलं.

आधीची गोष्ट सांगते, नाहीतर टायमरचं महत्त्व कळणार नाही.

आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे त्याच दिवसाच्या आसपास लग्नांची रांग लागते. लगेच आमच्या गावात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा. म्हणजे माहेरी जाणारी, लग्नाला जाणारी आणि यात्रेला येणारी, तिघींनाही नवा ब्लाउज त्याच पंधरवड्यात हवा असतो. दारात उभी राहून बाई म्हणते, “ताई, परवा आखाजी शे, पोलकं दे व माय!” त्या आवाजाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. मी म्हणायची, होऊन जाईल.

२०२३ साली आखाजी २२ एप्रिलला होती. आदल्या आठवड्यात मी रोज रात्री दोन-अडीचपर्यंत मशीनवर होते. पत्र्याची खोली दिवसभर तापलेली, रात्रीही गरम वारा. अशाच एका रात्री एका बाईच्या पैठणीचा ब्लाउजपीस कापताना मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. काठ असलेल्या कापडाला उजवी-डावी बाही समोरासमोर ठेवून कापावी लागते. शिकायला आलेल्या मुलीला मी हे पहिल्या महिन्यात शिकवते, आणि मीच चुकले. जास्तीचा काठ शिल्लक नव्हता. ती बाई चिडली नाही, ती गप्प झाली, आणि ते मला जास्त लागलं. तिच्या आईने घेऊन दिलेली पैठणी होती. मी पैसे भरून दिले, पण तो काठ परत कुठून आणणार? त्यानंतर कात्री हातात घेतली की छातीत धडधड व्हायची. सकाळी दार वाजलं तरी पोटात गोळा यायचा, कोणीतरी मागायला आलं असेल म्हणून.

माझी मुलगी बी.ए.ला मानसशास्त्र शिकते. तिने त्या पावसाळ्यात मला विचारलं, “आई, एक ब्लाउज शिवायला तुला किती वेळ लागतो?” मी म्हटलं, दीड तास. ती म्हणाली, “मोजलास कधी?” एकोणीस वर्षं मी लोकांची छाती, कंबर, शोल्डर, बाहीघेर मोजते, अर्धा इंच चुकू देत नाही, पण हे कधीच मोजलं नव्हतं.

तिनेच मला टोमॅटोची गोष्ट सांगितली. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा इटलीतला एक विद्यार्थी १९८०च्या दशकाच्या शेवटी अभ्यासात मन लागत नाही म्हणून हैराण होता. त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर टेबलावर ठेवला आणि ठरवलं की हा वाजेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. पुढे त्यातून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत झाली, आणि चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती. टोमॅटोला इटालियन भाषेत पोमोदोरो म्हणतात, तेच नाव पद्धतीला पडलं. मुलीने माझ्यासाठी खरंच टोमॅटोच्या आकाराचा टायमर आणला, प्लास्टिकचा, १५० रुपयांचा.

त्याच्याबद्दलही लिहिते, कारण बाजारात तोच जास्त दिसतो. दिसायला गोड, पण बूड गोल असल्यामुळे मशीनच्या थरथरीने टेबलावर सरकत जातो. डिसेंबरमध्ये फरशीवर पडला आणि वरचा भाग गरगर फिरायला लागला, स्प्रिंग सुटली. चार महिने चालला. घरात गॅसशेजारी एका जागी ठेवणार असाल तर चालेल, शिवणयंत्राजवळ घेऊ नका. त्याच महिन्यात मी हा स्टीलचा घेतला.

पण खरं काम त्या टोमॅटोनेच पहिल्या दोन आठवड्यांत केलं. मी फक्त मोजलं. शिवण्याची पद्धत बदलली नाही, घाई केली नाही. कटिंगला बसले की पिळ द्यायचा, उठले की किती झाले ते मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. साध्या अस्तराच्या ब्लाउजचा हिशेब असा निघाला: कटिंग २५ मिनिटं, मशीनवर पावणेदोन तास, हूक, काज आणि तुरपाई ३५ मिनिटं, इस्त्री आणि शेवटची नजर १५ मिनिटं. बेरीज तीन तास. मी दीड तास म्हणत होते! दीड तास म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त मशीन चालू असायचं. कापणं, हूक लावणं, दोरा तुटणं, बॉबिन भरणं, हे काम आहे असं मी धरतच नव्हते.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकांची. या टायमरला मधेच थांबवायची सोय नाही, मोबाईलसारखं बटण नाही. कोणी आलं तरी टिकटिक चालूच. पहिल्या दोन दिवसांत मला हा दोष वाटला. मग लक्षात आलं की माप घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि एक बाई सरासरी वीस मिनिटं बसते. पाणी देणं, गळ्याची डिझाइन बघणं, घरचं बोलणं. दिवसाला सहा जणी आल्या की दोन तास तिथे गेले. त्या बायका मला जवळच्या आहेत, त्यांच्या बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ते दोन तास माझ्या हिशेबात कुठेच नव्हते.

मग मी एका दुपारी कागदावर मांडलं. दहा ते सात दुकान, म्हणजे नऊ तास. जेवणाचा एक वजा, गिऱ्हाइकांचे दोन वजा. राहिले सहा. सहा तासांत ब्लाउज होतात दोन. आणि मी हंगामात रोजचे पाच लिहून घेत होते. आठ दिवसांचे चाळीस घेतले आणि होणार होते सोळा. उरलेल्या चोवीस ब्लाउजांचे बहात्तर तास होतात. ते बहात्तर तास म्हणजे माझ्या रात्री होत्या, आणि रात्रीतही न मावल्यामुळे दारातली भांडणं होती. ती बेरीज बघून मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला मंद समजत होते. माझे हात मंद नव्हते, मी दिलेला शब्दच खोट्या मापावर कापलेला होता.

मुलीने सांगितलं की यावर अभ्यास झालेला आहे. आपण आपल्याच कामाला लागणारा वेळ बहुतेक वेळा कमी धरतो, या सवयीला कानेमान आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली नाव दिलं. १९९४मध्ये छापलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५हून जास्त. दहातल्या जेमतेम तिघांचा स्वतःचा अंदाज पाळला गेला. आधी अशी कामं केलेली असली तरी माणूस ती आठवून अंदाज बांधत नाही, सगळं सुरळीत होईल असं चित्र धरून बांधतो. हे वाचून दाखवताना ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, त्या मुलांनाही कोणीतरी टायमर द्यायला हवा होता.

आता स्टीलच्या टायमरकडे येते.

चुंबक चांगलं घट्ट आहे. माझं जुनं काळं मशीन बिडाचं आहे, त्याच्या मानेवर तो चिकटून बसतो आणि मोटर चालू असतानाही हलत नाही. नवीन टेबल-मशीन वापरणाऱ्यांनी लोखंडी पाय किंवा पत्र्याचं कपाट शोधावं, लाकडी फळीवर चुंबकाचा उपयोग नाही. टाचण्या आणि सुया त्याला येऊन लटकतात, तेवढं बघावं. एकदा चिकटलेली सुई पुढे स्वतःच चुंबक होते आणि दुसऱ्या सुयांना ओढत बसते. मी हातशिलाईच्या सुया लांबच्या डबीत ठेवते.

वेळ किती बरोबर? मोबाईलशेजारी ठेवून पाहिलं. साठ मिनिटं लावली तर साधारण एकसष्ट-साडेएकसष्टला वाजतो. स्प्रिंगची वस्तू आहे, एवढा फरक धरावा. शिवणकामात तो चालतो. औषधाची वेळ किंवा असं काही नेमकं काम असेल तर दुसरं साधन घ्या. थोडी मिनिटं लावायची असतील तर एक युक्ती आहे: आधी चावी पूर्ण साठपर्यंत न्या आणि मग मागे पाचवर किंवा दहावर आणा. स्प्रिंगला पुरेसा पिळ बसला नाही तर तो मधेच थांबतो किंवा घंटा अर्धवट वाजते. हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, माझ्या पहिल्या टायमरच्या वेळी मी ते वाचलं नव्हतं.

घंटा एकदाच, चार-पाच सेकंद वाजते. मशीन जोरात चालू असेल तर ऐकू येत नाही. हा याचा मोठा दोष आहे. मी शेवटच्या मिनिटांत आकड्यावर नजर ठेवायची सवय लावली. टिकटिक मात्र चांगलीच ऐकू येते, आणि लहान खोलीत काहींना त्रास होईल. आमच्या सासूबाई मागच्या खोलीत दुपारी पडतात. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “त्या डबडाले बंद कर व माय, डोकं उठनं.” मी खाली घडी केलेलं कापड ठेवलं, आवाज थोडा कमी झाला. आता त्या स्वतःच मधल्या दारातून विचारतात, “वाजनं का तुन्हं घड्याळ? मंग ऊठ, च्या पी.”

मोबाईलमध्ये फुकट टायमर आहे, मग हा कशाला, असं आमच्या यांनी विचारलं होतं. मी महिनाभर मोबाईलवर करून पाहिलं. वेळ बघायला मोबाईल उचलला की चार निरोप दिसतात. “ताई झालं का?” असा एक जरी असला की हातातलं काम सोडून मन तिकडे पळतं. ही डबी मला काही विचारत नाही. शिवाय उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट जाते, मोबाईल उतरलेला असतो, तेव्हा मी पायाने मशीन चालवते आणि टायमर आपला चालू असतो.

पंचवीस मिनिटांचा तो इटालियन हिशेब मला जसाच्या तसा लागू पडला नाही. बाही लावत असताना मधेच उठलं तर चुण्या सरकतात. मी कामाचे तुकडे पाडले. एका ब्लाउजची कटिंग एका पिळात, आणि त्या वेळात दार ओढलेलं. मशीनवर पन्नास मिनिटं, मग दहा मिनिटं उभं राहणं, अंगणात जाऊन येणं. कमरेचं दुखणं यानेच कमी झालं असं मला वाटतं. तुम्ही पोळ्या करत असाल, हिशेब लिहीत असाल, मुलांचा अभ्यास घेत असाल, तर तुमचा तुकडा वेगळा निघेल. तो मोजून काढा, माझा घेऊ नका.

मोजल्यावर दुकानाचे नियम बदलले. वहीत प्रत्येक तारखेला तीनच ओळी आखते. दोन ओळींत ब्लाउज, तिसरी कोरी. तिसऱ्या ओळीत ऐनवेळची दुरुस्ती, घट्ट झालेला ब्लाउज उसवून देणं, नाहीतर एखादीच्या घरी अचानक काही निघालं तर तिचं काम. ती कोरी ओळ भरायचा मोह रोज होतो. २०२४च्या फेब्रुवारीत आमच्या गावात अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, २ ते ४ तारखेला. शिक्षिका, स्वागताला उभ्या राहणाऱ्या मुली, सगळ्यांना साड्या-ब्लाउज हवे होते. मी कोऱ्या ओळी भरून टाकल्या आणि तिसऱ्याच दिवशी मोटर जळाली. दोन रात्री पुन्हा जागले. तेव्हापासून ती ओळ पेन्सिलनेसुद्धा भरत नाही.

माप देणं-घेणं सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सहा. पाटी लावली आहे. सुरुवातीला बायका रुसल्या. एक मावशी म्हणाल्या, “एवढी मोठी झाली का तू?” मी त्यांना आत बसवलं, वही दाखवली, तुमची तारीख ही, त्या दिवशी पाचला या, ब्लाउज इस्त्री करून ठेवलेला असेल. त्या आल्या आणि तो तयार होता. आता त्याच दुसऱ्यांना पाटी वाचून दाखवतात. हूक आणि तुरपाई शिकायला येणाऱ्या दोन मुली करतात, त्यांना त्याचे पैसे देते.

पैशाचंही सांगते, कारण तेच सगळे आधी विचारतात. पहिल्या हंगामात मी अठरा जणींना परत पाठवलं. वाईट वाटलं, रात्री आकडे मोजत बसले. पण उशीर झाला म्हणून शिलाईत सूट द्यावी लागली नाही, एकही कापड बिघडलं नाही, आणि शिलाई चाळीस रुपयांनी वाढवली तरी कोणी तोडून गेलं नाही. कमाई जवळजवळ तेवढीच राहिली. परत गेलेल्यांपैकी बऱ्याच जणी पुढच्या वेळी महिनाभर आधी आल्या.

टायमरने सगळं केलं असं मी म्हणणार नाही. तो तुमच्या वतीने कोणाला नाही म्हणत नाही, ते तोंड उघडून आपल्यालाच म्हणावं लागतं. घरात आजारपण आलं, पाहुणे आले, तर कुठलीच आखणी टिकत नाही. फक्त आता गडबड झाली तर ती किती तासांची आहे हे मला कळतं, आणि तेवढीच ती छातीवर बसते.

२०२५ची आखाजी ३० एप्रिलला होती. वहीत २९ ते १ या तीन तारखांवर मी मार्चमध्येच आडवी रेघ मारली आणि पारोळ्याला माहेरी गेले. नऊ वर्षांनी. आई थकली आहे, पण निंबाला बांधलेल्या झोक्यावर मला बसवून तिने स्वतः दोरी ओढली. माझे शेवटचे दोन ब्लाउज २८ तारखेला संध्याकाळी गेले होते.

घ्यायचा असेल तर एवढं बघा. स्टीलचा, सपाट बुडाचा, चुंबकवाला. आकडे ठळक असावेत, म्हणजे चष्मा नसताना दिसतील. पाच मिनिटांवर लावून दुकानातच घंटा वाजेपर्यंत थांबा, कारण काहींची घंटा नुसती खुट करते. मी तिथे तीन वाजवून पाहिले आणि तिसरा घेतला.